आग लागली, लावली की लागू दिली? ‘ब्रेक’ या क्रियापदाची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे कसंय’ काढून टाकलेत, बाकी बोललेय तसंच ठेवलंय. डहाणू लोकलमध्ये बसून ऐकत असाल तर विरारला गर्दी आत शिरायच्या आधी भाग संपेल.

आजचा शब्द आहे ब्रेक. थांबायचा ब्रेक नाही, तुटायचा. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात हा आपला एक वैताग आहे. पण गंमत सांगते, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांनाही या दोघांत नीट फरक करता येत नव्हता. गार्डच्या डब्याला आपण ब्रेक व्हॅन म्हणतो, त्यातल्या ब्रेकचं स्पेलिंग आज ‘ए-के-ई’ असं संपतं. त्या काळच्या रेल्वेच्या लिखाणात ते ‘ई-ए-के’ असंही सापडतं, म्हणजे तुटण्याचं. गाडी थांबवणारा डबा की मोडणारा डबा, तुम्हीच ठरवा.

मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे हे क्रियापद माझ्या रोजच्या खाण्यातलं आहे. सकाळी लॅपटॉप उघडला की टीमच्या ग्रुपवर मेसेज असतो: बिल्ड ब्रेक झालंय. नीट बघा या वाक्याकडे. बिल्ड आपलं आपण ब्रेक झालंय. रात्री झोपलं, सकाळी उठलं आणि तुटलं. हे कोणी केलं, कोणत्या बदलामुळे झालं, वाक्यात काहीच नाही. म्हणून तर आमच्याकडे ‘गिट ब्लेम’ नावाची कमांड आहे. कोडची प्रत्येक ओळ शेवटची कोणी आणि कधी बदलली ते ती सांगते. नाव जरा भांडकुदळ आहे, पण तिच्याशिवाय काम चालत नाही.

जुन्या बातम्यांसाठी अशी कमांड असती तर काय दिसलं असतं, हा आजचा विषय.

आधी हे क्रियापद जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांत किती कामं करायचं ते पाहू. युद्ध ब्रेक आऊट व्हायचं. दंगल, साथ, आग, बंड, सगळं ब्रेक आऊट व्हायचं. बँक ब्रेक व्हायची. पहाट ब्रेक व्हायची. वादळ ब्रेक व्हायचं. संप ब्रेक केला जायचा, कायदा ब्रेक केला जायचा, आणि शेवटी बातमी स्वतःच ब्रेक व्हायची.

आणि मान्सून! हे मला सगळ्यात आवडलेलं. ब्रिटिश काळातल्या हिंदुस्थानी इंग्रजीत ‘मान्सून ब्रोक’ म्हणजे पाऊस सुरू झाला. आज हवामानखात्याच्या भाषेत ‘मान्सून ब्रेक’ म्हणजे पावसाने दडी मारली. क्रियापद तेच, अर्थ बरोब्बर उलटा. भात लावून बसलेल्या आपल्या पालघरच्या शेतकऱ्याला या दोन अर्थांतला फरक सांगायची गरज नाही. तो सरळ म्हणतो, पाऊस लागला, किंवा उघडीप पडली.

आता यातलं एकेक मराठीत आणून बघा. पहाट ब्रेक होते तेव्हा आपल्याकडे तांबडं फुटतं. युद्धाला तोंड फुटतं. दंगल उसळते नाहीतर पेटते. साथ येते, पसरते. बँक बुडते, का कोण जाणे, आपली बँक नेहमी पाण्यातच जाते. आग लागते. आणि बातमी? इथे गोची आहे. बातमी फुटली म्हणजे जी बाहेर यायला नको होती ती आली, पेपर फुटला तशी. टीव्हीवरच्या ‘ब्रेकिंग न्यूज’ला मराठी शब्द सापडला नाही तो बहुधा म्हणूनच. आपल्याकडे फुटलेली बातमी चोरीची वाटते.

इथवर मजा मजा. पण याच्या खाली व्याकरणाची एक बारीक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीच हा भाग केलाय.

इंग्रजीत ‘काच ब्रोक’ असंही म्हणता येतं आणि ‘त्याने काच ब्रोक’ असंही. क्रियापदाचं रूप बदलत नाही. मराठीला ते चालत नाही. मराठी लगेच विचारते, फुटली की फोडली? तुटलं की तोडलं? बुडाली की बुडवली? लागली की लावली? एखादं अक्षर बदलतं आणि वाक्यात माणूस येऊन उभा राहतो. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं गेली. कोणी म्हणतं ‘गावं उठली’, कोणी म्हणतं ‘गावं उठवली’. म्हणणारा कुठल्या बाजूला बसलाय ते त्या एका ‘व’वरून कळतं.

मोडणे हे क्रियापद मात्र जरा फितूर आहे. ‘खुर्ची मोडली’ आणि ‘त्याने खुर्ची मोडली’, दोन्हीकडे तेच. म्हणजे मराठीतही लपायला जागा आहेच. शिवाय सरकारी मराठीचं लाडकं रूप आहे: ‘काच फोडण्यात आली’. कोणाकडून, ते विचारायचं नाही.

आता मागे जाऊया, ६ जानेवारी १८३२ ला. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं, म्हणून हा दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. शाळेत एवढंच शिकवतात. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ‘दर्पण’ दोन भाषांतलं होतं. एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी. म्हणजे मराठी पत्रकारिता जन्मली तीच इंग्रजीच्या शेजारी बसून. आणि हे सगळं करणारा माणूस विशीतला होता, तुमच्या-माझ्यापेक्षा लहानच. जो कोणी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी लिहितो त्याच्यासमोर हा प्रश्न रोज येतो: डावीकडे ‘ब्रोक’ लिहून सुटता येतं, उजवीकडे काय लिहू? फुटलं की फोडलं?

मग आली तार. १८६५ मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड तारेने जोडले गेले, १८६६ मध्ये रॉयटरने मुंबईत कार्यालय उघडलं. तारेत पैसे शब्दागणिक. त्यामुळे वाक्यं आखूड झाली, आणि ‘ब्रोक आऊट’सारखी क्रियापदं सोयीची ठरली. दोन शब्दांत घटना पोचते, आणि कोणी केलं, का केलं हे शोधायची गरजच पडत नाही. मराठी पत्रांत याच तारांची भाषांतरं व्हायची. ‘आग लागली’, ‘साथ उद्भवली’, ‘दंगा झाला’ हे साचे आपल्याकडे आधीपासून होतेच, ते या कामाला अगदी चपखल बसले. मी तारेला दोष देत नाहीये. घाईत कळलं तेवढंच लिहावं हे बरोबरच आहे. अडचण अशी की तारेच्या घाईत तयार झालेलं वाक्य पुढे शंभर वर्षं निवांत वेळ असतानाही वापरलं जातं.

बरं, सगळीकडेच ब्रेक माणसाला लपवतो असं नाही. ६ एप्रिल १९३०, दांडी. गांधींनी मिठाचा कायदा मोडला. इथे इंग्रजी बातमीतही ‘कायदा ब्रेक झाला’ असं लिहून चालणार नव्हतं, कारण मोडणाऱ्याला आपलं नाव वाक्याच्या सुरुवातीला हवं होतं. मी मोडतोय, दिवस सांगून मोडतोय, या आणि पकडा. सविनय कायदेभंगाची अर्धी ताकद त्या कर्त्यात आहे. पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने लोकांनी हेच केलं. आपल्याकडे शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह त्याच वर्षीच्या मे महिन्यातला. मूठभर मीठ उचलणारा प्रत्येक माणूस त्या क्रियापदाचा कर्ता होत होता.

संपाचं याच्या उलट. इंग्रजीत ‘स्ट्राइक वॉज ब्रोकन’. मराठीत किमान चार वाटा आहेत आणि चारही वेगळ्या गावाला जातात. संप फुटला म्हणजे आतून फुटला, कामगारांतलेच काही कामावर गेले. संप मोडला म्हणजे, वर म्हटलं तसं, दोन्ही अर्थी. संप मोडून काढला म्हणजे कोणीतरी बसून, ठरवून मोडला. आणि संप चिरडला म्हणजे बळाने. १९७४ चा रेल्वे संप ८ मे ते २७ मे असा चालला, हजारो कामगार अटकेत गेले. त्याबद्दल ‘फुटला’ म्हणणारा आणि ‘चिरडला’ म्हणणारा असे दोन लोक एकाच घटनेबद्दल बोलत असतात, पण दोघांच्या गोष्टीतला खलनायक वेगळा असतो. मुंबईच्या गिरणी संपाचं तर अजूनच विचित्र. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्याच्यासाठी शेवटचं क्रियापद आपल्याला आजही मिळालेलं नाही. ‘संपला’ म्हणावं तर कोणी संपवला?

आता आपल्या गावात या. १४ ऑगस्ट १९४२, पालघर. आठवड्यापूर्वीच मुंबईत ‘चले जाव’चा ठराव झाला होता. आसपासच्या गावांतून माणसं पालघरच्या कचेरीकडे निघाली. पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण गेले: काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, सुकुर मोरे, रामप्रसाद तिवारी. दरवर्षी १४ ऑगस्टला हुतात्मा स्तंभापाशी लोक जमतात, तुमच्यातले कित्येक जण शाळेच्या रांगेत तिथे उभे राहिले असतील.

ब्रिटिश सरकारच्या भाषेत त्या ऑगस्टला ‘डिस्टर्बन्सेस’ म्हणायचे. गडबड, दंगे. आणि डिस्टर्बन्सेस नेहमी ब्रेक आऊट होतात. गंमत बघा, फेब्रुवारी १९४३ मध्ये सरकारने यावर एक पुस्तिका काढली, तिच्या नावातच होतं की या दंग्यांची जबाबदारी काँग्रेसची. म्हणजे दंग्याचा कर्ता शोधायला सरकारला वेळ लागला नाही. पण गोळीबाराची वेळ आली की सरकारी वाक्याचा साचा बदलतो: पोलिसांना गोळीबार करावा लागला. इंग्रजीत ‘हॅड टू’. हा साचा त्या काळापुरता नाही, आजही कुठलाही पेपर उघडा.

‘करावा लागला’मधलं ते ‘लागला’ ओळखलंत? आग लागली, पाऊस लागला, गोळीबार करावा लागला. तेच क्रियापद. ते चिकटलं की कर्त्याचा मान जातो, करणाऱ्याला ‘ना’ लागतं. ‘पोलिसांनी’ नाही, ‘पोलिसांना’. ज्याच्या हातात बंदूक होती तोच वाक्यात बिचारा होतो, आणि ज्याला गोळी लागली… पुन्हा ‘लागली’च. मी हे पालघरच्या घटनेबद्दलच्या एखाद्या ठरावीक बातमीवरून म्हणत नाहीये, साच्याबद्दल म्हणतेय. साचा इतका गुळगुळीत झालाय की लिहिणाऱ्यालाही तो जाणवत नाही.

आता ज्या बातमीसाठी मी हा भाग लिहायला बसले ती. ती मुंबईची आहे, पण शेवटी बोईसरलाच येऊन पोचते.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उभं होतं. फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालेलं, कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आलेलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, मोडून भरलेली लढाऊ विमानं आणि सोन्याच्या विटा. हे इंग्लंडहून. कराचीला त्यात कापसाच्या हजारो गाठी, लाकूड आणि वंगणाचं तेल चढलं. कापूस, तेल आणि दारूगोळा एकाच जहाजात. हे भरताना कप्तान खूष नव्हता, पण युद्धाचे दिवस, जहाजं कमी.

दुपारी आतून धूर दिसला. जहाजावरचे लोक, धक्क्यावरची पथकं, मग मुंबईचे बंबवाले, सगळे पाणी मारत राहिले. ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं तरी आगीचं मूळ सापडेना. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. अर्ध्या तासाने दुसरा, पहिल्याहून मोठा. दूर शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. आसपासची जहाजं बुडाली, गोदामं आणि वस्त्या जळाल्या, सोन्याच्या विटा शहरात उडून पडल्या. मेलेल्यांचे आकडे ८०० ते १,३०० असे वेगवेगळे दिले जातात. पण एक आकडा ठाम आहे: ६६ बंबवाले. ते पळाले नाहीत, ते पाणी मारत होते.

आता यातली दोन वाक्यं इंग्रजीत म्हणा. एक: आग ब्रेक आऊट झाली. दोन: बातमी ब्रेक झाली.

दुसरं आधी घेते. बातमी ब्रेक झालीच नाही. अख्ख्या मुंबईने आवाज ऐकला होता, आकाशात धूर होता, आणि तरी युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे बातमीदारांना सविस्तर वृत्तांत बाहेर पाठवता येईनात. दुसऱ्याच दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगॉन रेडिओने सगळं जगाला सांगून टाकलं. इथल्या बातमीदारांना परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. अमेरिकेच्या ‘टाइम’ने छापलं २२ मेच्या अंकात. स्फोट एप्रिलचा, बातमी मेची. आज आपल्याकडे एमआयडीसीत काही झालं की पाच मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ येतो, त्यामुळे हे वाचताना डोकं गरगरतं.

आणि आता पहिलं वाक्य. आग ब्रेक आऊट झाली, आग लागली. नंतर चौकशी नेमली गेली. आग बहुधा कापसाच्या गाठींतून सुरू झाली असं तिचं म्हणणं. सिगारेटचं थोटूक की आणखी काही, ते कधीच पक्कं झालं नाही. म्हणजे ‘लावली’ म्हणायला आधार नाही. पण चौकशी तिथे थांबली नाही. कापूस दारूगोळ्याच्या जवळ ठेवला गेला. धोकादायक माल असल्याचा लाल बावटा जहाजावर लावला नव्हता. स्फोटकं उतरवायला उशीर झाला, दोन दिवस ती तशीच पोटात. आग कोंडून विझवण्यासाठी वाफ सोडायची सोय होती, ती वापरली नाही. शहराच्या अग्निशमन दलाला कळवायला वेळ लावला गेला.

मोजून बघा. एका ‘लागली’च्या मागे पाच क्रियापदं निघाली: ठेवला, लावला नाही, उशीर केला, वापरली नाही, कळवलं नाही. आणि या पाचही क्रियापदांना माणसं आहेत. एकाच माणसाची नव्हे, वेगवेगळ्या बंदरांत, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या टेबलांवर बसलेली.

मराठीत यासाठी एक रूप आहे, जे बातमीत जवळजवळ कधीच येत नाही. लागली म्हणजे कोणी नाही. लावली म्हणजे मुद्दाम. आणि या दोघांच्या मध्ये: लागू दिली. फुटू दिला, बुडू दिली, लागू दिली. ‘देणे’ जोडलं की हेतू नसतानाची जबाबदारी वाक्यात येते. ठिणगी कोणी टाकली नाही कदाचित, पण ठिणगी पडली तर काय होईल ते माहीत असून जागा तशीच ठेवली. फोर्ट स्टिकिनची आग मला विचाराल तर लागू दिलेली आग आहे.

बाहेरचं एक उदाहरण पटकन. भोपाळ, २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र. ‘वायुगळती झाली.’ झाली! पण राजकुमार केसवानी नावाचा तिथला पत्रकार १९८२ पासून आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकात लिहीत होता, की हा कारखाना शहराला धोका आहे. तेव्हा गळती झालेली नव्हती, त्यामुळे त्याच्याकडे ‘झाली’ हे क्रियापदच नव्हतं. त्याला लिहावं लागलं ते कोण काय करतंय आणि काय करत नाहीये याबद्दल. घटनेआधीच्या बातमीला कर्ता लागतोच.

आता बोईसर. १४ एप्रिल ते २० एप्रिल देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो त्या ६६ जणांच्या आठवणीत. तारापूर एमआयडीसीत ज्यांच्या घरी कोणी कामाला आहे त्यांना हा सप्ताह माहीत आहे: मॉक ड्रिल, भोंगा, असेंब्ली पॉइंटवर हजेरी, छातीला लावायचा छोटा कागदी झेंडा. १४ ला आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून ड्रिल बहुतेक दुसऱ्या दिवशी. माझे मामा एका केमिकल कंपनीत वीसेक वर्षं ऑपरेटर आहेत. त्यांना विचारलं, मामा, हा सप्ताह कशाचा? ते म्हणाले, “कशाचा म्हणजे? आग लागली तर काय करायचं त्याचा.” मी त्यांना जहाजाची गोष्ट सांगितली. पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाले, “म्हणजे मालाची मांडणी चुकली. मग त्याचं ड्रिल का नाही घेत?”

मला तोवर हे सुचलं नव्हतं. ड्रिल ‘लागली’पासून पुढे सुरू होतं. ड्रम कुठे ठेवला, व्हॉल्व्ह कधी तपासला, रात्रपाळीला किती माणसं होती, हे ‘लागली’च्या आधीचं आहे.

आणि बातमीसुद्धा तिथूनच सुरू होते. ८ मार्च २०१८ च्या रात्री आपल्याकडे स्फोट झाला, तीन जण गेले. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी पुन्हा, आठ जण गेले. त्या रात्री खिडकीच्या काचा हलल्या हे इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला: कुठे झालं? प्लॉट नंबर काय? कारण प्रत्येकाचं कोणी ना कोणी पाळीवर असतं. दुसऱ्या दिवशीचं वाक्यही ठरलेलं: ‘आगीचे कारण समजू शकलेले नाही’, किंवा ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’. शॉर्ट सर्किट हा मराठी पत्रकारितेत सर्वांत जास्त वेळा पकडला गेलेला आणि एकदाही शिक्षा न झालेला आरोपी असावा.

माझी तक्रार पहिल्या दिवसाच्या बातमीबद्दल नाही. रात्री अकरा वाजता गेटवर उभ्या असलेल्या बातमीदाराने ‘आग लागली’च लिहावं. त्याने त्या रात्री कोणाचं नाव लिहिलं तर तो अन्याय होईल, आणि बहुतेक वेळा ते नाव पाळीवरच्या ऑपरेटरचं असेल, कारण तोच सगळ्यात जवळ सापडतो. ‘गिट ब्लेम’चंही असंच होतं. शेवटची ओळ ज्याची त्याचं नाव दिसतं, पण ती ओळ का लिहावी लागली हे चार महिने आधीच्या कोणत्या तरी निर्णयात असतं. म्हणून चांगल्या टीममध्ये काही मोठं तुटलं की माणसावर बोट न ठेवता घटनाक्रम लिहितात. किती वाजता काय झालं, कोणाला काय माहीत होतं, कुठला अलार्म बंद होता. क्रियापदं सगळी ‘केलं’ आणि ‘केलं नाही’ची. ‘झालं’ लिहिलं की वरिष्ठ विचारतात, झालं म्हणजे काय?

माझी तक्रार पंधराव्या दिवसाबद्दल आहे. औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालय अपघाताची चौकशी करतं. तिच्यात मांडणी, देखभाल, परवानगी, माणसांची संख्या हे सगळं येतं, म्हणजे ‘लागू दिली’चा हिशोब. त्या हिशोबाची बातमी पहिल्या पानावर किती वेळा वाचलीत? मी तरी क्वचितच. तोवर दुसरीकडे कुठेतरी दुसरी आग लागलेली असते, आणि तिची बातमी ताजी असते. आधीच्या आगीच्या खात्यात ते पहिल्या रात्रीचं, तारेच्या घाईतलं वाक्य तसंच कायमचं राहून जातं. वीस वर्षांनी कोणी शोधायला बसलं तर त्याला तेवढंच सापडणार.

पुढच्या भागात हेच काम जरा घरगुती पातळीवर करू: ‘लागणे’ या एका क्रियापदाने मराठीत किती संसार थाटलाय ते. नोकरी लागते, निकाल लागतो, बस लागते, कोणाला तरी कोणाची नजर लागते. मोलस्वर्थच्या शब्दकोशातली ती नोंद चांगली लांबलचक आहे, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोबाईलवरही वाचता येते.

तोवर एक काम कराल? घरात ट्रंकेत, कपाटाच्या कागदाखाली, आजोबांच्या फायलीत जुनी कात्रणं असतील. पालघर, बोईसर, तारापूर, डहाणू, कुठलीही. आग, संप, पूर, गोळीबार, काहीही. फोटो काढून पाठवा. पेपरचं नाव आणि तारीख दिसू द्या, आणि बातमीचं शेवटचं वाक्य कापू नका. ‘कारण समजू शकले नाही’ बहुतेक वेळा तिथेच असतं.